रज्जाकभाईंच्या डिस्कमधली बाई

रज्जाकभाईंना तुम्ही एखादी फाईल डिलीट करायला सांगितलीत तर ते आधी विचारतात, "तोंड बघितलंत काय?"

मुरुडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि कॉम्प्युटर दुरुस्ती. सुट्टीत समुद्रावरून पर्यटक येतात, कॅमेऱ्याचं कार्ड पुढे करतात आणि म्हणतात, काका, सगळं उडवून टाका, जागाच उरली नाही. काका काही उडवत नाहीत. ते चपला काढून बाजूला ठेवतात, शर्टाच्या लांब बाह्यांची बटणं लावतात आणि एकेक फाईल उघडून बघायला लागतात. गिऱ्हाईक कुरकुरलं तर शांतपणे सांगतात की न बघता माती द्यायची नसते, आमच्यात तसं चालत न्हाय.

हे 'आमच्यात' म्हणजे मुसलमानांत की कॉम्प्युटरवाल्यांत, ते मला अजून कळलेलं नाही.

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहते. माझं माहेर महाडकडचं, नोकरी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. खोली बघायला गेले तेव्हा इतर घरमालकांनी विचारलं होतं ते यांनी काहीच विचारलं नाही. आडनाव नाही, जात नाही, मच्छी खाता का तेही नाही. एवढंच म्हणाले की वर जमीन म्हणजे नुसती लाकडी फळ्यांची तक्तपोशी आहे, खालचं वर ऐकू येतं, भ्यायचं नाही. मी म्हटलं, कशाला भिईन? त्यावर ते नुसतेच हसले.

फाईल उघडणं म्हणजे आपण करतो तसं नव्हे. तुम्हीआम्ही दोनदा टिचकी मारतो, फोटो दिसतो, झालं. रज्जाकभाईंच्या मते तो मेकअप. त्यांच्याकडे एक काळ्या पडद्याचा प्रोग्राम आहे. त्यात कुठलीही फाईल घातली की आकड्या-अक्षरांच्या जोड्यांच्या ओळीच्या ओळी उमटतात, मुंग्यांची रांग असावी तशा. फाईल खरी अशी दिसते, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दोनचार घरांवरून ते नख फिरवतात. एम झेड आलं तर तो काम करणारा प्रोग्राम, त्याला हात लावला की उठून बसेल. पी के आलं तर गाठोडं, आत अजून पुष्कळ काही बांधलेलं. एफ एफ डी एट म्हणजे फोटो.

"नाव काय पण ठेवा मॅडम," ते म्हणतात, "पहिली अक्षरं खोटं बोलत न्हाईत."

गल्लीतल्या माणसांचीही त्यांनी अशीच वर्गवारी केली होती. टोपलीवाल्या कोळणी पी के. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर एम झेड, उगाच डिवचू नये. मी कोण, म्हणून एकदा विचारलं. म्हणाले, तुम्ही साधा टेक्स्ट, काय हाय ते दिसतं. यावर खूश व्हावं की नाही, याचा विचार मी दोन दिवस करत होते.

आमच्या मुख्याध्यापकांचा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. सर कडक. त्यांच्या पेन ड्राइव्हवर 'परिपत्रक अंतिम' नावाची फाईल होती आणि ती काही केल्या उघडेना. रज्जाकभाईंनी ती काळ्या पडद्यात घातली. सुरुवातीची अक्षरं आली आय, डी आणि तीन, आणि मागोमाग सरांचंच नाव. रज्जाकभाईंचं नख थबकलं. सर घाम पुसायला लागले. दुकानात मी होते, झेरॉक्स काढायला आलेल्या दोन बायका होत्या आणि सरांच्या सौभाग्यवतीही होत्या. रज्जाकभाईंनी आवाज बारीक केला, खुर्ची सरांकडे ओढली आणि हलकेच सांगितलं, "सर, हा कागद न्हाय. हे गाणं हाय. तुमचंच." मग फाईलचं नाव नीट करून त्यांनी ड्राइव्ह परत दिला. सर बंद खोलीत बारीक आवाज काढून लावण्या म्हणतात, हे मला पुढे वर्षभराने शाळेच्या शिपायाकडून कळलं. रज्जाकभाईंच्या तोंडून कधीच नाही.

इथवर सगळं गमतीचं. अंगावर काटा यायचा तो डिलीटविषयी बोलायला लागले की. भर दुपारी, शेजारी झेरॉक्सचं मशीन घरघरत असताना, एखाद्या पोस्टमास्तराने नियम सांगावा तशा सुरात ते सांगायचे. डिलीट केलं म्हणजे गेलं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. यादीतलं नाव तेवढं खोडलं जातं. माणूस आतच बसलेला असतो. लोक म्हणतात, घर रिकामं झालं. मग दुसरं कुणी राहायला येतं, तेव्हा तो हळूहळू जातो. आधी एका खोलीतून, मग दुसरीतून. कधी कधी सगळं घर जातं आणि एका कोनाड्यात त्याचा हात तेवढा राहतो.

हे ऐकल्यावर मी महिनाभर मोबाईलमधलं काही पुसलं नाही.

रज्जाकभाई बावीस वर्षं आखातात होते, एका जहाज कंपनीच्या कॉम्प्युटरच्या खोलीत. खोलीला खिडकी नाही, आत थंडगार हवा, चोवीस तास यंत्रांचा आवाज. तिथे आपली भाषा बोलायला कुणी नव्हतं म्हणून ते यंत्रांचा आवाज ऐकायला शिकले. परत आले आणि तीन वर्षांत बायको गेली. दोन मुली, एक कतारला, एक इंग्लंडात. दर शुक्रवारी नमाजानंतर पडद्यावर नातवंडं दिसतात, इंग्रजीत दोन शब्द बोलतात आणि पळून जातात. त्याबद्दल रज्जाकभाई तक्रार करत नाहीत. नेट स्लो हाय, एवढंच म्हणतात.

मी राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तक्तपोशीचा अर्थ कळला. सकाळची शाळा आटोपून घरी आले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकाएकी पायाखालून आवाज यायला लागला, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. तो थांबला. मग मोटारपंपासारखी एकसुरी गुणगुण सुरू झाली, इतकी खोल की पाण्याचा तांब्या थरथरला. मग काहीच नाही. आणि त्या शांततेत, अगदी स्पष्ट, कुणीतरी श्वास घेतला.

मी अनवाणीच खाली धावले. शटर अर्धं ओढलेलं होतं. आत रज्जाकभाई डोळे मिटून स्पीकरपुढे बसले होते. मला बघून मुळीच दचकले नाहीत. उलट स्टूल पुढे केलं आणि समजावून सांगितलं. आवाजाच्या प्रोग्रामला कुठलीही फाईल द्यायची आणि सांगायचं की हा आवाज आहे. तो बिचारा विचारत नाही, वाजवतो. दाबून लहान केलेले फोटो समुद्रासारखे वाजतात. न दाबलेली चित्रं गुणगुणतात. जिथे नुसती शून्यं, तिथे काहीच नाही. आणि श्वास? तो म्हणे कुठल्याशा जुन्या खेळातला असेल, त्यांनीही तो आत्ताच पहिल्यांदा ऐकला होता.

"पण मॅडम," ते म्हणाले, "ऐकून घ्यायला काय जातंय?"

हळूहळू मला त्याची सवय झाली. माणसाला कशाचीही होते. पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं त्याची मात्र झाली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला कोळीवाड्यातली सोनाली दुकानात आली. स्कूटरवर पुढे कॉम्प्युटरचा डबा, जुन्या नऊवारीत गुंडाळलेला, आणि मागे तिची आजी हिराबाय. हिराबायला मुरुडात ओळखत नाही असं माणूस नाही. ती धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, तिनेच गायची. तिचा आवाज मांडवातून किनाऱ्यापर्यंत ऐकू यायचा असं सांगतात. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्यावर ती आता रुमाल बांधते. ओठ हलतात, पण बाहेर काही येत नाही. ती काय म्हणते ते एकट्या सोनालीला कळतं.

आता लग्न सोनालीचंच होतं, मे महिन्यात, मांडव्याच्या जेटीवर काम करणाऱ्या मुलाशी. नातीच्या लग्नात आजीचा धवला नाही, हे काही हिराबायला सहन होईना. तेव्हा सोनालीला आठवलं की काही वर्षांमागे कुठल्याशा कॉलेजातला एक माणूस अभ्यासासाठी आला होता. त्याने त्यांच्याच घरी, याच कॉम्प्युटरवर, आजीचे धवले भरून घेतले होते. तो माणूस परत आला नाही. सोनालीच्या भावाने पुढे खेळांना जागा हवी म्हणून ती सगळी फोल्डरं डिलीट केली होती.

रज्जाकभाईंनी एकच विचारलं, त्यानंतर हे मशीन किती वापरलं? सोनालीने मान खाली घातली. रोज.

त्यांनी डब्यावरची नऊवारी सोडून तिची घडी केली. मग म्हणाले, वरती बिऱ्हाड आलंय. खाली कोण उरलंय, बघतो.

हिराबायने ओठ हलवले. सोनालीने सांगितलं की आजीची एक अट आहे. लग्न पार पडलं की धवले पुसून टाकायचे, अगदी मुळासकट. बिनलग्नाचा धवला गायचा नसतो. धवला म्हणजे आवतण असतं. रिकाम्या घरात तो वाजला तर कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. हे ऐकून मी हसण्याचा प्रयत्न केला. रज्जाकभाई हसले नाहीत. त्यांनी शब्द दिला.

त्या दिवसापासून दुपारी माझ्या खोलीत बसणं कठीण झालं. रज्जाकभाईंनी डिस्क काढून घेतली, तिच्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही असा बंदोबस्त केला आणि ती पहिल्या घरापासून वाजवायला घेतली. तासन् तास वाळू, समुद्र, पंप. खेळांतले बंदुकीचे आवाज. मग पुन्हा वाळू. पाचव्या दिवशी त्या खरखरीतून एक म्हातारा कण्हल्यासारखा ऐकू आला. मी खाली गेले. रज्जाकभाई स्पीकरला कान लावून बसले होते. त्यांनी वेग बदलला. तोच म्हातारा लहान मुलीसारखा किंचाळला. पुन्हा वेग बदलला. एक घर सोडून पुढून सुरुवात केली तर नुसतं वादळ. परत एक घर मागे. आणि मग एक बाई गायला लागली.

मी याआधी हिराबायचा आवाज कधी ऐकला नव्हता. जाड, किनारीला किंचित फाटलेला. दीड ओळ आली आणि मध्येच कुऱ्हाड पडावी तशी तुटली. पुढे बंदुका.

"हाय," रज्जाकभाई पुटपुटले. "आत हाय ती."

पुढचे अकरा दिवस त्यांनी ती तुकड्यातुकड्याने बाहेर काढली; मी दुपारी वह्या घेऊन शाळेतच थांबू लागले. दुकान जवळजवळ बंदच. लोकांचे फॉर्म तुंबले. गल्लीत कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याच्या दुकानात दुपारची बाई असते, शटर ओढून घेतात, तिचं बोलणं ऐकू येतं आणि त्याचंही. शाळेत एका सहशिक्षिकेने मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही वरच राहता, तुम्हाला माहीतच असेल. मी म्हटलं, बाई आहे खरी, पण डिस्कमध्ये आहे. त्यानंतर तिने माझ्याशीही जरा जपूनच बोलायला सुरुवात केली.

शेवटी दहा तुकडे गाण्यांचे निघाले. मधली भोकं मात्र भरून निघण्यासारखी नव्हती. मी सुचवलं की तुकडे एकमेकांना जोडून टाकावेत, ऐकणाऱ्याला कळणार नाही. रज्जाकभाईंनी साफ नकार दिला. जे गेलं ते गेलेलं दिसू दे, असं म्हणाले. जेवढी ओळ गेली होती तेवढा वेळ त्यांनी मोजून शांतता ठेवली.

लग्नाला मी गेले होते. हळदीच्या सकाळी हिराबाय मांडवात खुर्चीवर बसली, अंगावर हिरवं लुगडं, गळ्यावर पांढरा रुमाल. स्पीकर तिच्या मागे. रज्जाकभाईंनी बटण दाबलं आणि ओठ घट्ट मिटलेल्या त्या बाईचा आवाज मांडवभर पसरला. हळद वाटणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारी उठून मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिथून हिराबायकडे बघत राहिली, जवळ येईना. मलाही खुर्चीकडे बघवेना. आवाज तिच्यात नव्हता आणि तरी तिचाच होता.

पहिलं भोक आलं. समुद्राचा आवाज तेवढा आला आणि मग पुढची ओळ सुरू झाली. दुसऱ्या भोकाच्या वेळी हिराबायने मांडीवर ठेका धरला. कडेला गेलेली ती म्हातारीच राहिलेली ओळ म्हणू लागली, उशिरा आणि बेसूर, आणि तिची ओळ संपायच्या आत डिस्कमधली हिराबाय तिच्यावर चढून गायला लागली. बायका हसल्या. सोनाली रडली. तिसऱ्या भोकाला सगळ्याच गात होत्या. हिराबाय मात्र कुणाकडे बघत नव्हती. ती मान कलती करून ऐकत होती, आपण हे असं गात होतो होय, अशी.

लग्नानंतर आठवड्याने ती दुकानात आली. सोनाली सासरी गेली होती, त्यामुळे एकटीच. रज्जाकभाईंनी मला हाक मारून खाली बोलावलं, साक्षीला कुणीतरी असावं म्हणून. दुपारचा एक वाजून गेला होता. आम्ही दोघी स्टुलांवर बसलो. रज्जाकभाईंनी चपला काढल्या आणि पहिला तुकडा उघडला. थोडासा वाजवला, नाव खोडलं, आणि मग त्या जागेवर शून्यं भरली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नुसतं नाव खोडून भागणार नव्हतं, शब्द दिला होता. मग पुन्हा ती जागा वाजवून दाखवली. काही नाही. हिराबायने मान डोलावली. दुसरा. तिसरा. दर वेळी तिचा आवाज यायचा आणि कायमचा जायचा, आणि ती शेजारी मुकाट बसलेली. सहाव्या-सातव्याला मी स्टूल जरा मागे सरकवलं. रज्जाकभाईंचा हात माऊसवर एकसारखा चालत होता.

दहा झाले. मला वाटलं संपलं. पण यादीत आणखी एक होता.

त्यांनी तोही उघडला. त्यात गाणं नव्हतं. भांड्यांचा आवाज, लांब कुठेतरी कोंबडी, आणि मग हिराबाय, गाण्याच्या नव्हे, घरच्या आवाजात. त्या कॉलेजातल्या माणसाला विचारत असणार.

"जेवलास काय रं?"

"जेवलो," रज्जाकभाई म्हणाले.

मान न वळवता, पडद्याकडे बघत, आतल्या खोलीतून कुणी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं तसे. मग त्यांच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते भराभर सांगायला लागले की हा तुकडा शेवटी सापडला, नीट लागलाय की नाही हे बघायला तो पुन्हा पुन्हा लावावा लागला, रोज याच सुमाराला, मग सवय होऊन जाते, यंत्राशी माणूस बोलतोच. बोलता बोलता त्यांनी खोडायला माऊस पुढे नेला.

हिराबाय पडद्याकडे बघतच नव्हती. ती दुकानाच्या मागच्या बाजूला बघत होती. तिथे एक शेगडी होती, थंड. पालथं घातलेलं एक ताट, कोरडं. कागदात गुंडाळलेले दोन पाव, तेही कालचे असावेत.

ती उठली. तिने रज्जाकभाईंचा हात मनगटाला धरून माऊसवरून उचलला आणि त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला. मग मान हलवली, नाही. त्यांना कळेना. अट तिचीच होती. तिने पडद्यावरच्या त्या शेवटच्या नावावर बोट टेकलं आणि ओठ हलवले. मला ओठांवरचं वाचता येत नाही, पण ते तीन शब्द मी वाचले.

ह्ये गाणं न्हाय.

मग ती पिशवी उचलून निघून गेली. रज्जाकभाई कितीतरी वेळ तसेच बसून होते, हात गुडघ्यावर, तिने ठेवला होता तिथेच.

तो तुकडा अजून त्यांच्याकडे आहे. शनिवार-रविवारी मी घरी असते. एकच्या सुमाराला तक्तपोशीखालून भांडी वाजतात, कोंबडी ओरडते आणि हिराबाय विचारते. मी घास हातात धरून थांबते. बहुतेक वेळा खालून उत्तर येतं. नाही आलं, तर मी दुसरं ताट वाढून जिना उतरते.